कल्हई, कार्बन आणि आमचे सात टक्के

मागच्या सेमिस्टरला आपल्या टेक-फेस्टमध्ये पेपर प्रेझेंटेशनला आमच्या ग्रुपला दुसरं बक्षीस मिळालं. विषय होता, 'इंजिनाच्या टॅपेटवर कार्बनचा कठीण लेप'. शेवटच्या स्लाईडवर ठळक अक्षरांत एकच ओळ होती : 'घर्षणात ७ टक्के घट!' टाळ्या पडल्या, फोटो निघाले, कॅन्टीनला पार्टी झाली. (बिल अर्थातच बक्षिसापेक्षा जास्त आलं.)

मित्रांनो, हा लेख त्या सात टक्क्यांबद्दल आहे. कारण ते सात टक्के खरे नव्हते. आम्ही मुद्दाम खोटं बोललो नाही, हे खरं. पण खरं काय आहे हे तपासलंही नाही, हेही तितकंच खरं. ज्या हॉलमध्ये टाळ्या घेतल्या त्या हॉलमधल्या सगळ्यांना आता एकेक करून गाठता येणार नाही, म्हणून हा पानांचा आधार.

आधी हा लेप म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्या ब्रँचवाल्यांनी लगेच पान उलटायला नको! पेन्सिलीचं शिसं आणि हिरा, दोन्ही कार्बनच. शिशातल्या ग्राफाईटमध्ये प्रत्येक अणूने तीन शेजाऱ्यांचे हात धरलेले असतात, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरतात. हिऱ्यात प्रत्येकाने चारांचे हात धरलेले, त्यामुळे तो हलत नाही. आपल्या लेपात हे दोन्ही प्रकारचे अणू असतात, तेही कुठलीही शिस्त न पाळता, गणपतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीसारखे मिसळलेले. काही प्रकारांत सोबत हायड्रोजनही असतो. म्हणून याचं नाव डायमंड-लाईक कार्बन, म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन. लाडाने डीएलसी. १९७१ साली अमेरिकेत आयझेनबर्ग आणि शॅबो या दोघांनी आयन बीम वापरून असा थर बनवल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

लेप देण्यासाठी जॉब निर्वात कोठीत ठेवतात. मग एक तर ॲसिटिलीनसारखा वायू प्लाझ्मात फोडतात, नाहीतर ग्राफाईटच्या ठोकळ्यातून कार्बन उडवतात. तो जॉबवर जाऊन बसतो. जाडी साधारण १ ते ३ मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा, म्हणजे बघा! हायड्रोजनवाल्या लेपाचा कठीणपणा साधारण २० ते ३० गिगापास्कल, हायड्रोजन नसलेल्या प्रकाराचा ४० च्याही वर. चांगलं हार्डन केलेलं स्टील ७-८ ला थांबतं. शिवाय हे काम २०० अंश सेल्सिअसच्या आसपासही होतं, त्यामुळे खालच्या स्टीलचं टेंपरिंग सहसा बिघडत नाही. हार्ड डिस्कच्या तबकडीवरही काही नॅनोमीटरचा असाच कार्बनचा थर असतो.

इंजिनात हा लेप नवा नाही. निस्सानने २००६ साली हायड्रोजनविरहित लेप दिलेले व्हॉल्व लिफ्टर उत्पादनात आणले आणि त्याला साजेसं तेलही तयार केलं. (हे तेल लक्षात ठेवा, पुढे काम आहे.) आणि फार लांब कशाला, चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या इंजिनात व्हॉल्व दाबणाऱ्या फिंगर फॉलोअरवर हाच काळा लेप असतो. पार्किंगमध्ये ज्या गाडीकडे आपण सगळे वळून बघतो, तिच्या पोटात!

डिझेलवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९९७ साली कॉमन रेल प्रवासी गाड्यांत आलं तेव्हा दाब १३५० बार होता, आज २००० बार आणि त्याच्याही वर जातो. इकडे डिझेलमधलं गंधक कमी होत गेलं. बीएस-४ ला दर दहा लाख भागांत ५० भाग चालायचं, १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि मर्यादा १० वर आली. हवेसाठी चांगलंच झालं. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलला अंगचा जो बुळबुळीतपणा देणारे घटक असतात तेही जातात. त्याची भरपाई करायला ऍडिटिव्ह घालतात. आणि इंजेक्टर-पंपातल्या, मायक्रॉनमध्ये मोजायच्या फटीत सरकणाऱ्या भागांना असा लेप देतात. तिथे तो ॲव्हरेज वाढवायला नसतो, तर पार्ट जगवायला असतो.

तर अशा भारी विषयावर आम्ही चौघांनी बी.ई.चा प्रोजेक्ट घेतला. लॅबमधलं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, त्याची दोन टॅपेट. बाहेर जॉब-कोटिंग करून घेतलं. पैसे चौघांनी घरून मागून आणले. लेप दिलेली टॅपेट आली तेव्हा काय दिसत होती सांगू! काळीभोर, चकचकीत. एकाने तर त्यात बघून केस विंचरले.

इंजिन जोडलं, रीडिंग घेतली, विलन्स लाईन काढली. ज्यांनी आय.सी. इंजिनचं जर्नल स्वतः लिहिलंय (म्हणजे छापलेलं नाही) त्यांना माहीत असेल : इंधनाचा खप आणि ब्रेक पॉवर यांचा आलेख काढायचा, सरळ रेघ मागे वाढवायची आणि ती जिथे अक्षाला छेदेल तिथे फ्रिक्शन पॉवर वाचायची. लेपाआधी एकदा, लेपानंतर एकदा. फरक आला सात टक्के. झालं! स्लाईड तयार.

फेस्टनंतर गाईड सर म्हणाले, "ब्लॅक बुकमध्ये फोटो हवेत. इंजिन खोला." खोललं. एक टॅपेट ठीक होतं. दुसऱ्याच्या तोंडावर मध्यभागी काळा रंग गायब, खाली पांढरं स्टील, कडेला पापुद्रे. आणि कॅमवर बारीक चरे, जे आधी नव्हते. इंजिन सगळं मिळून वीस-बावीस तासच चाललं होतं.

पहिली प्रतिक्रिया काय असणार? कोटिंगवाल्याने फसवलं! आम्ही चौघं तावातावाने सरांकडे गेलो. सरांनी टॅपेट हातात घेतलं, खिडकीशी नेलं, तिरपं धरून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाठवण्याआधी आरए किती होता?"

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. ड्रॉईंगवर आम्ही आरए ०.८ लिहिला होता. कुठून? पुस्तकातल्या तक्त्यातून. प्रत्यक्षात टॅपेट आम्ही होस्टेलच्या रूमवर बसून एमरी पेपरने घासली होती, 'साफ' करायला म्हणून! मग रॉकेलने पुसली. कोटिंगवाल्या माणसाने फोनवर चार प्रश्न विचारले होते : मटेरियल काय, टेंपरिंग किती अंशाला झालंय, फिनिश किती, आधी काही ट्रीटमेंट आहे का? आमच्यातल्या एकाने (म्हणजे मीच) "सगळं स्टँडर्ड आहे हो सर" असं सांगून फोन ठेवला होता.

वर्कशॉपचे मामा बाजूला उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "बाळांनो, कल्हईवाला बघितलाय का कधी?" आमच्यातल्या दोघांनी बघितलाच नव्हता! मामांच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत यायचा. "कल्हई लावायला त्याला दोन मिनिटं लागायची. पण त्याआधी भांडं वाळूने घासघासून, त्यात उभा राहून पायाने फिरवून जीव काढायचा. मग भात्यावर तापवणार, नवसागर टाकणार, आणि मग कुठे कथील लावून कापसाने फिरवणार. घासायला कंटाळला की महिन्यात कल्हई सुटली. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं कल्हईला, चूक असायची घासण्यात."

मला वाटतं, आमच्या अख्ख्या प्रोजेक्टचा निष्कर्ष मामांनी एका मिनिटात सांगितला. कोटिंगच्या कोठीतही हेच होतं. आधी अल्ट्रासोनिक धुणं, मग निर्वातात आर्गॉनच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडणं, मग क्रोमियमसारख्या धातूचा एक पातळ थर आणि त्यावर कार्बन. मधला धातूचा थर का, तर कार्बनच्या लेपात प्रचंड दाबाचा ताण कोंडलेला असतो, तो स्टीलपासून सुटायला टपूनच बसलेला असतो. कोठीतलं घासणं त्यांचं काम. कोठीपर्यंत जाण्याआधीचं घासणं आमचं होतं, आणि ते आम्ही केलं नाही, उलट बिघडवलं.

सरांनी मेट्रॉलॉजी लॅबमधलं रफनेस टेस्टर कपाटातून काढायला लावलं. एका जुन्या टॅपेटवर आम्ही तस्संच एमरी फिरवलं आणि मोजलं. आरए ०.६ आला, म्हणजे कागदावर ०.८ च्या आतच! पण आरए ही सरासरी. डोंगरापासून दरीपर्यंतची उंची, म्हणजे आरझेड, ४ मायक्रॉनच्या वर होती. आमचा लेप २ मायक्रॉनचा. म्हणजे लेप ज्या डोंगरांवर बसला ते डोंगरच त्याच्या दुप्पट उंच! कॅमचा सगळा भार त्या शिखरांवर येणार, तिथला लेप तडकणार, आणि तडकलेला तुकडा म्हणजे स्टीलपेक्षा कितीतरी कठीण भुकटी. ती तेलात मिसळून बिनलेपाच्या कॅमला कानशीसारखी घासणार. कॅमवरचे चरे तिथून आले असावेत. म्हणूनच असा लेप द्यायचे टॅपेट आरशासारखे, आरए ०.१ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली, घासलेले असतात. ही किंमत कोटिंगच्या बिलात दिसत नाही.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. घरी गादीवर पापड ठेवून बोटाने दाबून बघा, मोडतो. तोच पापड ओट्यावर ठेवून तितकाच दाबा, काही होत नाही. पापड तोच, खालचं बदललं. लेप कितीही हिऱ्यासारखा असो, खालचं स्टील मऊ असेल तर भाराखाली ते दबतं आणि वरचा कडक थर मोडतो. म्हणून कोटिंगवाला टेंपरिंगचं तापमान विचारत होता. तो चौकशी करत नव्हता, आम्हाला वाचवत होता.

आता वळू या त्या सात टक्क्यांकडे. लेप निघालेला बघितल्यावर मी आकडेमोड करायला बसलो. खरं तर ती स्लाईड बनवण्याआधी करायची होती. होल्मबर्ग, अँडरसन आणि एर्डेमिर यांचा २०१२ सालचा एक गाजलेला पेपर आहे. त्यांच्या हिशोबाने प्रवासी गाडीत जळणाऱ्या इंधनातली सुमारे एक तृतीयांश ऊर्जा घर्षणात जाते (ब्रेकचं घर्षण धरून), आणि गाडी पुढे ढकलायला उरते फक्त २१.५ टक्के. इंजिनाच्या घर्षणात पिस्टन-रिंगचा वाटा साधारण ४५ टक्के, बेअरिंग वगैरेंचा ३०, व्हॉल्व ट्रेनचा जेमतेम १५. आता धरून चाला की आमच्या लेपाने चमत्कार केला आणि फक्त टॅपेटचंच नाही, अख्ख्या व्हॉल्व ट्रेनचं घर्षण तब्बल ४० टक्क्यांनी घटलं. पंधराचे चाळीस टक्के किती? सहा! म्हणजे चमत्कार झाला असता तरी सहा. आम्हाला दोन टॅपेटमध्ये सात मिळाले होते, त्यातलं एक सोललेलं! आमच्या लॅबमधल्या सिंगल सिलिंडर इंजिनात हे वाटे थोडे इकडे-तिकडे असतील, पण इतके नाहीत. आम्ही चौघं, शंभर-दीडशे प्रेक्षक, परीक्षक... हा पाढा कुणीच म्हणून बघितला नाही.

मग सात आले कुठून? आम्ही जुनी बिनलेपाची टॅपेट परत घालून तीच टेस्ट दोन वेगवेगळ्या दिवशी घेतली. एकदा सकाळी आठला, एकदा दुपारी दोनला. काहीही न बदलता फ्रिक्शन पॉवरमध्ये फरक आला नऊ टक्के. तेल गरम, तेल थंड, ब्युरेट बघणारा वेगळा, स्टॉपवॉच दाबणारा वेगळा, आणि रेघ मागे वाढवताना पट्टी जराशी कलली की संपलं. जी मोजपट्टी आपोआप नऊ टक्के हलते तिने आम्ही सात टक्के मोजले होते. हे म्हणजे रद्दीवाल्याच्या काट्यावर सोनं तोलणं झालं.

माझं मत आता सरळ मांडतो. आपण कोटिंगला मलम समजतो. पार्ट झिजतोय? लेप लावा. ॲव्हरेज कमी आहे? लेप लावा. पण घर्षण हा एकट्या लेपाचा गुण नाहीच. तो जोडीचा आणि परिस्थितीचा गुण आहे : दोन पृष्ठभाग, मधलं तेल, वेग, भार, तापमान. अर्गोन प्रयोगशाळेत अली एर्डेमिर यांच्या गटाने कार्बनच्या लेपाचा घर्षणांक ०.००१ इतका खाली आणून दाखवला, हे खरं आहे. पण तो कोरड्या नायट्रोजनमध्ये. आपल्या पेपरमध्ये आम्ही ०.००१ दिमाखात लिहिला, नायट्रोजन मात्र गाळला! इंजिनात नायट्रोजनची कोरडी कोठी नसते, काळं झालेलं तेल असतं. क्रँकचं बेअरिंग नीट वेगात फिरत असताना तेलाच्या पूर्ण थरावर तरंगतं, दोन धातू भेटतच नाहीत. तिथे लेप लावून घर्षण कितीसं कमी होणार? कॅम आणि टॅपेटमध्ये, विशेषतः कमी वेगाला, तेलाचा थर फाटतो. लेपाची खरी जागा तिथली.

आणि तेल म्हणजे कुठलंही तेल नाही. घर्षण कमी करायला काही तेलांत एमओडीटीसी नावाचं मॉलिब्डेनमचं ऍडिटिव्ह घालतात. स्टीलवर स्टील घासताना ते उत्तम. पण हायड्रोजनवाला कार्बनचा लेप स्टीलवर घासत असेल तर हेच ऍडिटिव्ह त्याची झीज वाढवतं, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की चांगलंच होतं, असा नियम नाही. निस्सानने लेपासोबत तेलही का तयार केलं, ते आता कळतं. आम्ही? लॅबच्या कॅनमध्ये जे होतं ते ओतलं.

याला दोषी कोण? पहिले आम्ही. पण थोडा दोष आपण ज्या पद्धतीने शिकतो तिचाही आहे. 'ट्रायबॉलॉजी' हा शब्दच १९६६ च्या जोस्ट अहवालातून पुढे आला. झीज, घर्षण आणि वंगण याकडे दुर्लक्ष करून ब्रिटनचा उद्योग दरवर्षी कोट्यवधी पौंड गमावतोय, असं त्या अहवालाने मोजून दाखवलं होतं. आपल्याकडे तो विषय इलेक्टिव्ह, आणि 'स्कोअरिंग नाही' म्हणून घेणारे मोजके. सरफेस फिनिश आपण ड्रॉईंगमध्ये एक चिन्ह काढण्यापुरता शिकतो. रफनेस टेस्टरचं प्रॅक्टिकल होतं, पण वीस जणांच्या बॅचमध्ये एक जण सुई फिरवतो आणि एकोणीस जण आकडा उतरवतात. मी त्या एकोणीसांतला होतो.

कुणी म्हणेल, "आता सगळं इलेक्ट्रिक होणार, इंजिनाचं घर्षण घेऊन काय बसलास?" मान्य, टॅपेट जातील. पण गिअर आणि बेअरिंग कुठे जाणार आहेत? त्यांचेही पृष्ठभाग एकमेकांवर घासणारच. शिवाय रस्त्यावर आज जी इंजिनं धावतायत ती काही उद्या भंगारात जात नाहीत. आणि खरा प्रश्न इंजिनाचा नाहीच, मोजण्याच्या सवयीचा आहे. ती सवय इंजिन गेलं म्हणून आपोआप येणार नाही.

दुसरा एक मित्र म्हणाला, "बी.ई.च्या प्रोजेक्टकडून एवढी अपेक्षा कशाला? शिकण्यासाठीच तर आहे." अगदी बरोबर! पण मग शिकलेलं लिहायला हवं ना? आमच्या ग्रुपमध्येही दोन रात्री यावर भांडण झालं. एक पर्याय होता : चांगल्या टॅपेटचा फोटो लावा, सात टक्के तसेच ठेवा, कोण खोलून बघणार आहे! आणि खरंच, कुणी बघितलं नसतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. म्हणजे आपल्या लायब्ररीत रांगेने उभ्या असलेल्या काळ्या पुस्तकांत असे किती 'सात टक्के' असतील? आणि पुढच्या वर्षीची बॅच त्यांचाच संदर्भ देऊन आठ टक्के मिळवणार.

म्हणून माझ्या दोन साध्या सूचना आहेत. पहिली : कुठलाही 'सुधारणा' दाखवणारा प्रोजेक्ट असेल तर काहीही न बदलता तीच टेस्ट किमान तीनदा घ्यावी आणि तो फरक पहिल्याच पानावर लिहावा. सुधारणा त्याहून मोठी असेल तरच तिला सुधारणा म्हणावं. दुसरी : डिपार्टमेंट लायब्ररीत एक कप्पा फसलेल्या प्रोजेक्टसाठी ठेवावा. त्यात फसलेला पार्टही ठेवावा, डबीत घालून, चिठ्ठीसकट. सरांशी बोललो, त्यांची हरकत नाही. पहिली डबी आमची असेल : एक सोललेलं टॅपेट आणि एमरीचा तो कागद.

ब्लॅक बुकमध्ये आम्ही सगळं लिहिलंय. निष्कर्षाच्या पानावर सात टक्क्यांच्या जागी आता 'या पद्धतीने फरक मोजता आला नाही' असं वाक्य आहे. चौघांत तिघं एकमताने आणि एक जण कुरकुर करत तयार झाला. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमची ओरल होऊन गेलेली असेल. एक्स्टर्नल काय म्हणतील, किती मार्क देतील, देव जाणे.

बक्षिसाचं सर्टिफिकेट मात्र परत देऊन टाकलं. टेक-फेस्टच्या को-ऑर्डिनेटरला त्याचं काय करायचं ते कळेना, त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं. पार्टी परत करता येत नाही, ती माफ करा!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी